मॉन्ट्रियलचे बेट ई-सायकलवरून पाहावे का? आई-वडील आणि मुलासह जाण्याविषयी सल्ला हवा

मुळाकाठ:

नमस्कार. येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही कॅनडातील मॉन्ट्रियल येथे माझ्या धाकट्या बहिणीकडे जात आहोत. माझ्याबरोबर आई, बाबा आणि माझा पंधरा वर्षांचा मुलगा असेल. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत. नोकरीच्या काळात ते रोज सायकलने कारखान्यात जात असत, त्यामुळे तोल आणि सराव आहे, परंतु आता गुडघ्यांमुळे त्यांना सलग फार वेळ चालवत नाही. आईने महाविद्यालयीन दिवसांनंतर सायकल हातात घेतलेली नाही. बहिणीला त्या आठवड्यात रजा मिळणार नसल्याने तिने सुचवले आहे की आम्ही मार्गदर्शकासह निघणाऱ्या ई-सायकल फेरीत नाव नोंदवावे.

तेथे दोन प्रकारच्या फेऱ्या दिसतात. पहिली छोटी आहे आणि ती जुने शहर, बंदर व कालवा एवढ्यापुरतीच फिरते. दुसरी बरीच लांब असून ती माँ-रॉयाल या टेकडीवर चढते, प्लाटो नावाच्या वस्तीतून जाते आणि मग बंदराकडे उतरते. मला इतिहासाची आवड आहे आणि केवळ छायाचित्रे काढत धावायचे नाही. सायकलवरून जाताना एखाद्या ऐतिहासिक शहराचा इतिहास खरोखर उमगतो का, की चालण्याला पर्याय नाही? बाबांना टेकडीचा चढ झेपेल का? आईला बरोबर घ्यावे का? ज्यांनी हे शहर पाहिले आहे किंवा जे तेथे राहतात, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

सेंट लॉरेन्स तीर:

नमस्कार, ताई. मी अनेक वर्षे याच बेटावर राहतो आणि येथे येणाऱ्या आप्तांना घेऊन फिरण्याचा योग वारंवार येतो. माझे मत स्पष्ट आहे: फेरी घ्यायची असेल तर टेकडीवर चढणारीच घ्यावी. मॉन्ट्रियल हे बेट आहे ही गोष्ट जुन्या शहराच्या गल्ल्यांत उभे राहून कळत नाही. बेट सुमारे 50 किलोमीटर लांब आहे आणि त्याच्या मधोमध टेकडी आहे. ती नदीकडून चढून गेल्याशिवाय, आणि वरून नदीचे रुंद पात्र पाहिल्याशिवाय, येथे शहर का वसले हे उमगणे कठीण आहे.

त्याचे कारण पाण्यात आहे. सेंट लॉरेन्स नदीतून अटलांटिककडून आलेली जहाजे जुन्या शहराच्या थोडे पुढेपर्यंतच जाऊ शकत, कारण तेथून वर लाशीनचा खळाळ आणि धबधब्यासारखे उतार सुरू होतात. 1535 मध्ये जाक कार्तिए हा फ्रेंच दर्यावर्दी येथे आला तेव्हा टेकडीच्या पायथ्याशी ओशलागा नावाचे मूळ रहिवाशांचे तटबंदीचे गाव होते, आणि पुढे जाण्याचा त्याचा मार्ग याच खळाळाने अडवला. माल उतरवायचा, खांद्यावरून किंवा गाडीतून पुढे न्यायचा आणि पुन्हा होड्यांत भरायचा, या सक्तीच्या थांब्यावर पुढे फरचा व्यापार उभा राहिला. लाशीन हे नाव फ्रेंचमध्ये चीनचे आहे, कारण तेथील जमीनदार ला साल हा चीनकडे जाणारा जलमार्ग शोधण्याच्या ध्यासाने झपाटलेला होता.

हा खळाळ टाळण्यासाठी लाशीन कालवा खोदला गेला आणि तो 1825 मध्ये खुला झाला. त्याच्या काठाने साखर, पीठ, लोखंड आणि कापडाचे कारखाने उभे राहिले, कारण कालव्याच्या पाण्याच्या उतारातून यंत्रे चालवण्याची शक्तीही मिळत असे. 1959 मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग सुरू झाला, मोठी जहाजे या कालव्याला वळसा घालून जाऊ लागली, आणि 1970 मध्ये तो जहाजवाहतुकीसाठी बंद झाला. काठावरच्या कामगार वस्त्यांनी त्यानंतर जे सोसले ते मोठे दुःख आहे. ज्या मार्गदर्शकाला शहराविषयी आस्था आहे तो कारखान्यांच्या जागी झालेल्या महागड्या घरांपाशी थांबून त्याविषयी बोलतो, म्हणून फेरी निवडताना हे अवश्य विचारावे. 2002 पासून कालव्यातून हौशी होड्या पुन्हा जाऊ लागल्या आहेत आणि काठाने सुमारे 14 किलोमीटरचा सपाट सायकलमार्ग आहे. बाबांना सायकलचा सराव पुन्हा जमवण्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही. मात्र वेगमर्यादा ताशी 20 किलोमीटर आहे आणि चालणारे, धावणारे लोकही तोच रस्ता वापरतात, हे ध्यानात असू द्यावे.

आता टेकडीविषयी. माँ-रॉयालचे सर्वोच्च टोक समुद्रसपाटीपासून सुमारे 233 मीटर उंच आहे आणि शहरात त्याहून उंच माथ्याची इमारत बांधू देत नाहीत. उद्यानाचा आराखडा न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क आखणाऱ्यांपैकी एक असलेल्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांचा असून ते 1876 मध्ये खुले झाले. वर जाणारी त्यांच्या नावाची वाट घोडागाड्यांसाठी आखलेली आहे, त्यामुळे ती सरळ चढत नाही, हळूहळू वळसे घेत जाते. आजारी आणि अशक्त माणसांनाही माथ्यावर जाता यावे ही त्यांची इच्छा होती. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी दीडशे वर्षांपूर्वी कोणी असा विचार करून ठेवला आहे, याचे मला प्रत्येक वेळी अप्रूप वाटते. वाट खडीची आहे. मोटरची मदत मधल्या पातळीवर ठेवली की आपल्या बाबांना तो चढ जड जाणार नाही.

वर पोचल्यावर कोंडियारोंक नावाचा मोकळा सज्जा आहे. तेथून खाली दिसणारे शहर, नदी आणि पलीकडचा सपाट प्रदेश हे मॉन्ट्रियलचे सर्वांत प्रसिद्ध दृश्य आहे. ज्याचे नाव या सज्जाला दिले आहे तो कोंडियारोंक वेंडाट या मूळ रहिवासी लोकांचा नेता होता. 1701 च्या उन्हाळ्यात मूळ रहिवाशांच्या सुमारे चाळीस राष्ट्रांचे 1300 प्रतिनिधी फ्रेंचांशी आणि आपसांत तह करण्यासाठी या गावात जमले असता त्याने तहासाठी अखेरचे भाषण केले आणि आजारी पडून तेथेच त्याचे निधन झाले. ज्या शहराची लोकसंख्या तेव्हा त्या पाहुण्यांहून फार मोठी नव्हती, त्या शहराने हा इतका मोठा मेळावा पाहिला आहे.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. गावातले लोक ज्या दिशेला उत्तर म्हणतात ती होकायंत्राच्या हिशेबाने वायव्य असते, कारण रस्ते नदीच्या काठाशी समांतर आखले आहेत. भ्रमणध्वनीवरील नकाशा आणि मार्गदर्शकाचे शब्द यांत फरक वाटला तर गोंधळून जाऊ नये.

चाक आणि साखळी:

वरील उत्तराशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु ताई, आपल्या मुलाविषयी कोणी लिहिलेले नाही आणि ते नोंदणीपूर्वीच समजले पाहिजे. क्वेबेक प्रांताच्या नियमांनुसार ई-सायकल चालवण्यासाठी वय किमान 14 वर्षे लागते, आणि 14 ते 17 या वयातील मुलांकडे किमान मोपेड चालवण्याचा परवाना असावा लागतो. आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाकडे असा परवाना असण्याची शक्यता नाही. म्हणजे तो साधी सायकल चालवू शकेल, ई-सायकल नाही. हेल्मेट तर ई-सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला, वय काहीही असो, सक्तीचे आहे. फेरी चालवणाऱ्यांना मुलाचे वय आधीच लेखी कळवावे, कारण दारात पोचल्यावर नकार ऐकण्यात सगळ्यांचाच हिरमोड होतो.

आता बाबांविषयी. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, तर उत्तर अमेरिकेत पुढच्या चाकाचा ब्रेक डाव्या हाताला असतो. आयुष्यभराची सवय हातात मुरलेली असते आणि घाईच्या क्षणी मेंदू विचारत नाही, हातच काम करतो. ई-सायकल जड असते, तिचे ब्रेक जोरदार असतात आणि टेकडीच्या खडीच्या उतारावर पुढचे चाक एकदम आवळले गेले तर तोल जाऊ शकतो. निघण्यापूर्वी मोकळ्या जागेत दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहावेत आणि उतारावर दोन्ही एकत्र, हलके हलके वापरावेत. शिवाय तेथे रस्त्याच्या उजव्या बाजूने जायचे असते, त्यामुळे डावीकडे वळताना समोरून येणाऱ्या वाहनांचा अंदाज चुकतो. या वळणांवर बाबांनी मार्गदर्शकाच्या अगदी मागे राहावे.

ज्यांनी ही सायकल कधी चालवली नाही त्यांचा असा समज असतो की ती आपोआप पळते. फेऱ्यांसाठी दिल्या जाणाऱ्या बहुतेक सायकलींत पेडल मारले तरच मोटर मदत करते आणि पाय थांबले की तीही थांबते. पहिल्या काही मिनिटांत त्रास होतो तो सिग्नलला थांबून पुन्हा निघताना. मदतीची पातळी जास्त ठेवून पेडलवर जोर दिला की सायकल हिसका देऊन पुढे जाते. म्हणून थांबण्यापूर्वीच गिअर हलका करून ठेवावा आणि मदत सर्वांत कमी पातळीवर आणावी, म्हणजे निघताना सायकल शांतपणे सरकते. सीटची उंची अशी असावी की खालच्या पेडलवर पाय असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. गुडघेदुखीच्या माणसाने सीट फार खाली ठेवली तर दुखणे वाढते. भीतीमुळे बहुतेक ज्येष्ठ नेमके तेच करतात. मोटरमुळे गुडघ्यावरचा ताण कमी होतो हे खरे असले तरी हलक्या गिअरमध्ये पाय थोडे अधिक वेगाने फिरवत राहणे हाच गुडघ्यासाठी खरा आराम आहे.

आईंविषयी मला स्पष्ट सांगावेसे वाटते की त्यांनी परक्या शहराच्या रहदारीत, जड सायकलवर, अनोळखी गटाबरोबर इतक्या वर्षांनी सुरुवात करू नये. मार्गदर्शकाला गट एकत्र ठेवायचा असतो, आणि मागे राहणाऱ्या माणसाच्या मनावर जे दडपण येते त्यामुळेच अनेकदा अपघात घडतात.

जुने दगड:

ताईंनी विचारलेला मूळ प्रश्न असा आहे की सायकलवरून इतिहास उमगतो का. बेटाचा भूगोल सायकलवरून उमगतो हे वरील सदस्यांचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु जुने शहर मात्र पायी पाहावे, आणि बाबांना जमेल तेवढेच, थांबत थांबत पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तेथील रस्त्यांवर अनेक ठिकाणी दगडी फरसबंदी आहे आणि तिच्यावरून जाताना हँडल हातांत थरथरत राहते, त्यामुळे डोळे रस्त्यावरून उठतच नाहीत. उन्हाळ्यात काही गल्ल्या केवळ पादचाऱ्यांसाठी राखलेल्या असतात, तेथे सायकल हाताने ढकलत न्यावी लागते. अशा वेळी सायकल हा नुसता भार होतो.

17 मे 1642 रोजी पॉल द शोमदे द मेझोनव्ह आणि जान मान्स यांच्यासह थोडी माणसे येथे उतरली आणि त्यांनी व्हिल-मारी नावाची धर्मवसाहत स्थापन केली. ती जागा आज पॉइंत-आ-कालिएर संग्रहालयाच्या खाली आहे. 1992 मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात आपण जमिनीखाली उतरून भिंतींचे आणि पहिल्या दफनभूमीचे अवशेष प्रत्यक्ष पाहू शकता. कोणतीही सायकल फेरी तेथे आत नेत नाही, बाहेरून हात दाखवून पुढे जाते. आपल्याला इतिहासाची आवड असेल तर त्या एका इमारतीसाठी निम्मा दिवस राखून ठेवावा. वडिलांना बसण्यासाठी आत जागोजागी आसने आहेत.

नोत्र-दाम बासिलिकाविषयी प्रत्येक मार्गदर्शक सांगतो की तिचे वास्तुरचनाकार जेम्स ओडॉनेल हे आयर्लंडचे प्रोटेस्टंट होते आणि आपण बांधलेल्या चर्चमध्येच दफन व्हावे म्हणून मृत्यूपूर्वी कॅथलिक झाले. ही हकीकत खरी आहे आणि ऐकायलाही चांगली वाटते. परंतु शहराने जे बराच काळ सांगितले नाही, तेही विचारावे. 1734 च्या एप्रिलमध्ये जुन्या शहराला आग लागून रुग्णालय आणि 45 घरे जळाली. मारी-जोझेफ आंजेलिक या गुलाम स्त्रीवर आग लावल्याचा आरोप ठेवून, तिचा छळ करून, त्याच वर्षी जूनमध्ये तिला फाशी देण्यात आले. न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे येथील तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीत, गुलामगिरी होती ही गोष्ट पाहुण्यांना सहसा ठाऊक नसते. नगरभवनाजवळच्या एका चौकाला आता तिचे नाव दिले आहे. मार्गदर्शक तेथे थांबतो की नाही यावरून फेरीचा दर्जा ओळखता येतो, असे मला वाटते.

बोनस्कूर बाजाराची रुपेरी घुमटाची इमारत 1847 ची आहे. तिच्याशी जोडलेली कथा अशी की 1849 च्या एप्रिलमध्ये संतप्त जमावाने येथील संसदभवन जाळले आणि संसदेला काही दिवस याच बाजारात बसावे लागले. त्यानंतर मॉन्ट्रियल पुन्हा कधीही देशाची राजधानी झाले नाही. शेजारच्या नाविकांच्या चर्चमध्ये छताला लाकडी जहाजांच्या प्रतिकृती टांगलेल्या आहेत. सुखरूप परतलेल्या खलाशांनी त्या अर्पण केल्या आहेत. आमच्या कोकणातल्या दर्यावर्दी कुटुंबातील कोणालाही त्या पाहून आत काहीतरी हलल्याशिवाय राहणार नाही.

ज्या एका ठिकाणी सायकलनेच जावे, असे मी म्हणेन, ते म्हणजे व्हिक्टोरिया पुलाच्या तोंडाशी असलेला काळा दगड. 1847 मध्ये दुष्काळातून पळून आलेले सुमारे 6000 आयरिश स्थलांतरित तेथे टायफस या तापाच्या साथीने मरण पावले. 1859 मध्ये पुलाचे काम करताना मजुरांना हाडे सापडली, तेव्हा त्यांनी नदीतून काढलेला एक प्रचंड दगड स्मारक म्हणून उभा केला. तो आज रहदारीच्या मधोमध आहे आणि पायी जाणाऱ्याला तेथे पोचणे त्रासाचे होते. कालव्यापासून तो दूर नाही, म्हणून मार्गदर्शकाला विनंती करून पाहावी.

मुळाकाठ:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मुलाच्या परवान्याचा मुद्दा मला कोठेच दिसला नव्हता. आता आमचा विचार असा होतो आहे की टेकडीची लांब फेरी मी आणि बाबांनी करावी, आणि जुने शहर सर्वांनी मिळून दोन सकाळींत विभागून पायी पाहावे. परंतु मुलाची निराशा होईल. साध्या सायकलवरून तो ई-सायकलींच्या गटाबरोबर राहू शकेल का? आणि आम्ही फेरीत असताना आईला एकटे न ठेवता वाटेत कोठे भेटता येईल का?

चाक आणि साखळी:

तो नियमित सायकल चालवत असेल तर सपाट भागात अजिबात अडचण येणार नाही, कारण गट ताशी 15 ते 20 किलोमीटरपेक्षा वेगाने जात नाही. चढावर मात्र तो मागे पडेल. तेथे आपणच मदतीची पातळी कमी करून त्याच्या गतीने जावे. फेरीवाल्यांनी मिश्र गटाला नकार दिला तर वाईट वाटून घेऊ नये, कारण नकारामागे विम्याची अट असू शकते.

सेंट लॉरेन्स तीर:

मुलासाठी माझी वेगळी सूचना आहे. त्याला टेकडीऐवजी दुसऱ्या दिवशी साध्या सायकलीने नदीतल्या बेटांवर न्यावे. जुन्या बंदरापासून निघून सिते-द्यु-आव्र या चिंचोळ्या भूभागावरून आणि काँकोर्ड पुलावरून नोत्र-दाम बेटावर जाता येते, आणि जवळजवळ सगळी वाट सपाट आहे. वाटेत वास्तुरचनाकार मोशे साफदी यांनी 354 काँक्रीटच्या पेट्या एकमेकींवर रचून उभारलेली हॅबिटाट 67 ही वसाहत दिसते. नोत्र-दाम बेट 1967 च्या जागतिक प्रदर्शनासाठी कृत्रिमरीत्या तयार केले गेले आणि त्यासाठी लागलेल्या भरावात भुयारी रेल्वेच्या खोदकामातून निघालेला दगडही वापरला गेला. त्या प्रदर्शनात भारताचेही दालन होते. तेथेच फॉर्म्युला वनच्या शर्यतीचा 4.361 किलोमीटरचा मार्ग आहे. शर्यत किंवा अन्य कार्यक्रम नसताना तो सायकलस्वारांना खुला असतो. पंधरा वर्षांच्या मुलाला त्या मार्गावरून स्वतःच्या पायांच्या बळावर एक फेरी मारायला मिळाली, तर ई-सायकल न मिळाल्याची खंत राहणार नाही अशी माझी खात्री आहे.

शेजारच्या सेंट-एलेन बेटावर अमेरिकी रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांचा इमारतीएवढा जाळीदार गोल आहे. 1976 च्या आगीत त्याचे पारदर्शक आवरण जळून गेले आणि पोलादी सांगाडा तेवढा उरला. जाँ-द्रापो हे भुयारी रेल्वेचे स्थानक त्याच्या जवळच आहे, म्हणून आई तेथे सहज येऊ शकतील. टेकडीच्या दिवशी त्यांनी माँ-रॉयाल स्थानकापासून 11 क्रमांकाच्या बसने वर यावे. थांब्यापासून सज्जापर्यंत थोडे चालावे लागते, परंतु वाट रुंद आणि झाडांच्या सावलीची आहे. फेरीवाल्यांना सज्जावर पोचण्याची अंदाजे वेळ आधी विचारून ठेवावी आणि तेथे किमान अर्धा तास थांबण्याची विनंती करावी.

दोन गोष्टी राहिल्या. फेऱ्या फ्रेंच आणि इंग्रजी अशा वेगवेगळ्या असतात, तेव्हा नोंदणी करताना भाषा तपासावी. तसेच जाहिरातीत लिहिलेल्या किमतीत बहुधा कर धरलेला नसतो. केंद्राचा 5 टक्के आणि प्रांताचा 9.975 टक्के असे दोन कर वर द्यावे लागतात, आणि मार्गदर्शकाला शेवटी बक्षिसी देण्याचीही पद्धत आहे. सप्टेंबरमध्ये दुपारी हवा सुखद असली तरी टेकडीवर आणि नदीकाठी वारा बोचतो, म्हणून बाबांसाठी पातळ विंडचीटर आणि बोटे झाकणारे हातमोजे अवश्य ठेवावेत.